जिनिंगच्या भरतीचं आग्रहाचं निमंत्रण

आमच्या मानवतमधे कुठं काय चाललंय हे कळायला मोबाईल उघडायची गरज नाही. अण्णाराव काकांची ॲपे रिक्षा गल्लीतून एकदा जाऊ द्यायची. तिच्या टपावर दोन भोंगे आहेत. एकाचं तोंड बाजारपेठेकडं आणि दुसऱ्याचं सरळ आभाळाकडं, कारण त्याचा नट घसरलाय, आणि तो बिचारा कधीपासून पाखरांनाच साड्यांचा सेल सांगत फिरतोय.

काका आमचे शेजारी. घरात ते चहा मागतात तेव्हा मल्लम्मा काकूंनासुद्धा ऐकू जात नाही. काकू दोनदा "आँ?" म्हणतात आणि तिसऱ्यांदा अंदाजानं चहा ठेवतात. पण हातात माईक आला की काकांच्या घशात कुणी दुसराच माणूस येऊन बसतो, जाडजूड, फेटेवाला. "मानवत शहरातील आणि पंचक्रोशीतील तमाम बंधू आणि भगिनींनो..." यातला 'तमाम' ते असा ताणतात की 'त'ला ॲपे शाळेपाशी असते आणि शेवटच्या 'म'ला मोंढ्यात. 'अगत्य' म्हणताना भुवया वर जातात आणि त्यांच्यासोबत कपाळावरच्या भस्माच्या तीन पट्ट्यापण.

तसे काका मूळचे भोंग्याचे नाहीत. ते प्रेसचे. आमच्याकडं गावाबाहेर बन्सीधर शेटची कापसाची जिनिंग मिल आहे. रेच्याच्या यंत्रातून कापूस निघाला की सरकी एकीकडं पडते, रुई एकीकडं. ती रुई दाबून दाबून तिची गाठ बांधणारं यंत्र म्हणजे प्रेस. त्यावर काका जवान असल्यापासून. मग लॉकडाऊन आलं, नंतर कापसाचा भाव असा पडला की लोकांनी कापूस घरातच कोंबून ठेवला, माणसं ओसरीवर आणि कापूस माडीवर. रेचे रिकामे फिरवून काय उपयोग, म्हणून शेटनं फाटकाला कुलूप घातलं. काकांनी जुनी ॲपे घेतली, एका बंद पडलेल्या बँडवाल्याचे भोंगे घेतले आणि फिरायला लागले.

मंदी कशी असते ते आम्हाला त्या भोंग्यातून कळालं. रोज एकच रडगाणं. अमक्या दुकानाचा माल मिळेल त्या भावात काढणे आहे. तमक्याचा राखाडी पोपट उडून गेलेला आहे, 'मिठ्ठू' म्हटल्यास ओ देतो. उद्या नळाला पाणी येणार नाही. परवा पण येणार नाही.

आणि मग मागच्या दसऱ्याच्या आगंमागं भोंग्याचा सूरच बदलला. सगळीकडं 'पाहिजेत'. दाल मिलला हमाल पाहिजेत. तेलाच्या मिलला फिटर पाहिजे, अनुभव असल्यास उत्तम, नसल्यास शिकवू. परभणीला शिलाईच्या शेडवर मुली पाहिजेत. चौकातल्या हॉटेलात पेपर वाचत बसणारे एक गुरुजी आहेत, ते चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, कारखानदारी सावरलेली दिसते. काका बशीत चहा ओतत म्हणाले की सावरली का न्हाई ते मला कळत न्हाई गुरुजी, माझा घसा मात्र बसायलाय.

तेवढ्यात जिनिंगचं कुलूप निघालं.

बन्सीधर शेटनं कर्ज काढून नवी मशीन आणली, पत्रे बदलले, भिंतीला पिवळा रंग दिला आणि माणसं भरायला एक मॅडम आणल्या, प्रियांका मॅडम. त्या छत्रपती संभाजीनगरहून आलेल्या. त्यांचं बोलणं ऐकायला मला फार आवडतं. प्रत्येक वाक्य 'ॲक्चुअली'नं सुरू होतं आणि 'ना'नं संपतं. मधे काय असेल ते असो, दोन्ही टोकं बांधलेली. गाठीसारखी.

कुलूप निघालं त्याच दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून मॅडमकडं गेले. काय झालं ते त्यांनी घरी येऊन सांगितलं, म्हणजे काकूंना सांगितलं, आणि काकूंनी जोरात परत विचारलं म्हणून आम्हाला कळालं. प्रेसवर घ्या म्हणाले. मॅडम म्हणाल्या, ॲक्चुअली काका, आता प्रेस फुल ऑटोमॅटिक आहे, त्याला आयटीआय पाहिजे ना, आणि वयाची अट पण आहे ना. पण तुमची ॲपे फार कामाची आहे ना. मग त्यांनी एक मजकूर काकांच्या मोबाईलवर पाठवला आणि गावोगाव पुकारायचं काम दिलं.

म्हणजे ज्या फाटकातून आत जायला काकांचा जीव तुटत होता, त्याच फाटकात दुसऱ्यांना बोलवायचं काम काकांच्या गळ्यात. काकूंनी यावर मीठ चोळलंच. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "सगळ्या तालुक्याला कामाला लावा अन् तुमी फिरा रस्त्यानं पोपट हुडकत."

काका उठून बाहेर गेले. नंतर ओट्यावर बसून माझ्या बापाला म्हणाले, "भोंग्यामुळं मला गावं ओळखतेत. पर प्रेसवर, मला प्रेस ओळखायची."

मजकूर पण कसा. 'आमच्या युनिटमध्ये हेल्पर व ऑपरेटर पदांकरिता थेट मुलाखती आयोजित करण्यात येत आहेत. इच्छुक व पात्र उमेदवारांनी संपर्क साधावा.' काकांनी तो इमानदारीनं वाचला. मानवतमधे वाचला, देवगाव फाट्यावर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी वाचला, सेलूकडच्या वालूरमधे बाजाराच्या दिवशी वाचला. आवाज तोच, फेटेवाला, पण वाक्यात चालच नाही तर तो तरी काय करणार. मुलाखतीला जी काही पाच-दहा माणसं आली, त्यातले निम्मे शेटकडं सरकीचा भाव विचारायला आलेले.

कारण पोरं आहेतच कुठं? लॉकडाऊनमधे चाकणहून, वाळूजहून पिशव्या घेऊन परत आलेली सगळी पोरं तिकडच्या कंपन्या सुरू झाल्या तशी पाखरासारखी उडाली. काकांचा स्वतःचा राजेश्वर पण चाकणलाच. जी उरली त्यांच्यावर दाल मिल, तेल मिल आणि जिनिंग अशा तिघांचा डोळा. गल्लीतला एक पोरगा तर सकाळी दाल मिलला हो म्हणायचा, दुपारी जिनिंगला, आणि संध्याकाळी क्रिकेट खेळायचा. आमच्याकडं आधी कधी असं झालेलं नव्हतं, काम माणसाच्या मागं पळायलंय आणि माणूस बॅट घेऊन उभा.

मॅडम घाबरल्या. कापूस यायला लागलेला, रेचे तयार, आणि हात नाहीत. त्या काकांना म्हणाल्या, काका, आणखी एक राउंड करा ना, जरा लोकांना आवडेल असं बोला ना.

हे ऐकून काका एकदम खुलले. आता झालं असं, की त्याच आठवड्यात त्यांच्याकडं एक वास्तुशांत, दोन जावळं आणि वालूरच्या एका मंदिराच्या कळसाचं जेवण, एवढ्यांची पुकार होती. सगळी तोंडपाठ, सगळी एकाच चालीत. सकाळी कळसाचं सांगून दुपारी त्याच रस्त्यानं जिनिंगचं सांगायला लागले. सुरुवात झकास केली. जिनिंग आपली, कापूस आपला, शेट आपला, मग पोरं परक्या मुलखात कामून? शेतातून निघालेल्या कापसाची गाठ आपल्याच हातानं बांधू. बायाबापड्या पण थांबून ऐकायला लागल्या. आणि शेवटाला आल्यावर तोंडानं आपली रोजची वाट धरली. "तरी सर्वांनी सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह अगत्याने उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी, व महाप्रसादाचा लाभ घ्यावा, हे आग्रहाचं निमंत्रण."

काकांना पत्तासुद्धा नाही. दोन दिवस गावोगाव हेच सांगत फिरले. आभाळाकडच्या भोंग्यानं पाखरांनापण बोलावलं.

भरतीच्या दिवशी सकाळी आम्हीपण गेलो. सहपरिवार म्हटल्यावर शेजारी आलेच. आणि बघतो तर जिनिंगच्या फाटकाबाहेर जत्रा. वालूरचा टेम्पो भरून आला, तो रिकामा होतच नव्हता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चवाळं अंथरून म्हाताऱ्या बसलेल्या, ठेवणीतली लुगडी नेसून. लेकरांना टोप्या, पावडर. लग्नात बसतो तसे पुरुष एकीकडं, बायका एकीकडं. एक तरणाबांड जावईपण आलेला, तो रुसल्यासारखा लांब उभा, कुणीतरी मानानं आत न्यावं म्हणून.

प्रियांका मॅडम टेबल-खुर्ची मांडून 'नेक्स्ट' म्हणायला बसल्या होत्या. नेक्स्ट म्हटलं की सगळं खानदान पुढं यायचं. काम कुणाला पाहिजे ना, असं त्यांनी विचारलं तर एक आजोबा म्हणाले, पोराला. पोरगा कुठाय? चाकणला. मग तुम्ही कशाला आलात ना? तर म्हणाले, निमंत्रण होतं.

हे ऐकून शेट बाहेर आले. बन्सीधर शेट रागावले की हळू बोलतात, एकेक शब्द तराजूत टाकल्यासारखा. ते काकांना म्हणाले, "अण्णाराव, मी हेल्पर मागितले होते. तू वरात आणलीस."

काकांनी मान खाली घातली. मॅडमनं मोबाईल काढून दाखवला की हे बघा, मी असं लिहिलंच नव्हतं ना. तेव्हा काका म्हणाले की मॅडम, ते तोंडात बसलंय, त्याच्याबिगर निमंत्रण मिटतच न्हाई. आणि मला कळत होतं, त्यांचा चेहरा का उतरलाय. या भरतीचं सोनं झालं तर शेटकडं प्रेसचा शब्द टाकायचा, असं त्यांनी मनात धरलं होतं. आता ॲपेपण हातची जाती का काय.

शेट फाटक लावायला सांगणार, तेवढ्यात वालूरच्या घोळक्यातून एक म्हातारी सरसर पुढं आली. नर्मदाबाई तिचं नाव. हातात नारळ आणि टॉवेल-टोपी. कार्यक्रम म्हणजे आहेर आलाच. तिनं शेटच्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाली, बंद पडलेलं उघडलंस बाबा, बरं केलंस. ते पाहून आणखी चार-पाच टोप्या पुढं आल्या. टोपीवर टोपी.

आता ज्यानं आहेर घेतला तो माणूस फाटक कसं लावणार? आणि आहेर करणाऱ्याला उपाशी कसं धाडणार? शेटनं खांद्यावरचा टॉवेल नीट केला. मग मुनीमाला म्हणाले, मोंढ्यातल्या आचाऱ्याला बोलव, खिचडी अन् मठ्ठा. मल्लम्मा काकूंना राहवलं नाही, त्यांनी पदर खोचला आणि आचाऱ्याला मीठ किती टाकायचं ते सांगायला गेल्या.

जेवण होईपर्यंत माणसं रिकामी, मग ती जिनिंग बघायला लागली. पुढं नर्मदाबाई, मागं दहा-पंधरा बायका. आमच्याकडं पोरगी द्यायच्या आधी घर बघायला जातात, अगदी तसं. तिनं पाण्याचा माठ उघडून वास घेतला. जेवायला बसायची जागा कुठं विचारलं. मग बायकांचा संडास दाखवा म्हणाली. आत जाऊन कडी लावून बघितली तर कडी बसेना. ती बाहेर येऊन नुसती मॅडमकडं बघत उभी राहिली. मॅडमनं पळत जाऊन फिटरला आणलं आणि सगळ्यांच्या देखत कडी ठोकून घेतली. नर्मदाबाईनं परत आत जाऊन लावली, काढली, लावली. मग म्हणाली, "माझी नात हाय, राजनंदिनी. आयटीआय शिकून घरी बसलीय. तिला घेतलं तर चालंल?"

मॅडमचा विश्वासच बसेना. आयटीआय झालेली माणसं त्या महिनाभर हुडकत होत्या आणि राजनंदिनी इथं खिचडीच्या रांगेत पत्रावळी वाटत होती. आणि एकीचं बघून दुसरीनं सून पुढं केली, तिसरीनं लेक. चाकणच्या पोरांची वाट बघत बसलेल्या मॅडमच्या डोक्यातच आलं नव्हतं की घराघरात हात आहेत, फक्त घरानं एकदा येऊन जागा बघायला पाहिजे. मॅडमचा पेन पळायला लागला. शेटच्या डोक्यावरची टोपी जराशी तिरपी झाली, तरी त्यांनी काढली नाही.

पण सगळं जमत आलं आणि नर्मदाबाई अडली. पोरी आणणार कोण आणि नेणार कोण?

मॅडम म्हणाल्या, ॲक्चुअली बस फॅसिलिटी प्लॅनमधे आहे ना.

"प्लानमधी बसून पोरी वालूरला येतेत व्हय?" नर्मदाबाई म्हणाली, आणि मागच्या बायका खुदखुदल्या. मग तिनं काकांकडं बोट केलं. ह्या माणसानं बोलावलं, ह्यानंच न्यायचं. सासरच्या पोरीला माहेरी न्यायला मुराळी येतो, तो तिला नेतो अन् तोच परत आणून घालतो. आमच्या पोरींचा मुराळी ह्यो.

शेट खूष. लगेच म्हणाले, अण्णाराव, तुझी ॲपे लावून टाकू, सकाळी आणायचं, संध्याकाळी सोडायचं, बारा महिन्याचं काम झालं तुला. सगळे माना डोलवायला लागले. काका सोडून. ॲपेचं पक्कं काम म्हणजे प्रेसचं नाव संपलंच की. रोज फाटकापर्यंत यायचं आणि फाटकातून परत. त्यांनी 'बरं' म्हणायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

नर्मदाबाईनं ते बघितलं का नाही, देव जाणे. तिला तिच्याच हिशोबाची पडली होती. ती शेटला म्हणाली की पोरींना सोडून ह्यो भाडं मारायला गेला अन् संध्याकाळी आलाच न्हाई तर? दिवसभर पोरींच्या नजरेसमोर पाहिजे. "अन् मुराळ्याला कुणी दारात बसवतं का, शेट? आत घेतेत, पाणी देतेत, पाट मांडतेत."

"आत घेऊ की," शेट म्हणाले. "पण आत घेऊन त्याला लावू कशाला?"

सगळे काकांकडं बघायला लागले. आणि काका बोलले. ज्या माणसाचा आवाज मोंढ्यापर्यंत जातो त्यानं आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द असा काढला, की तो टेबलापर्यंतसुद्धा पोचला नाही. मॅडम "काय ना?" म्हणाल्या. शेटनं कानामागं हात धरला. काका परत पुटपुटले, परत कुणाला काही नाही.

तेव्हा खिचडीच्या पातेल्यापासून काकूंचा आवाज आला, खणखणीत. "प्रेस म्हणतेत ते. प्रेसवर घ्या म्हणतेत."

मॅडमनं वयाची अट आहे ना, असं म्हणून बघितलं. पण म्हणता म्हणताच त्यांनी त्या बायकांकडं बघितलं, नंतर राजनंदिनीकडं, आणि त्यांचा 'ना' अर्ध्यातच विरला. मग त्या म्हणाल्या की ऑपरेटर राजनंदिनी राहील, काका तिचे हेल्पर म्हणून चालतील. शेटनं विचारलं, चालतंय का रे? पोरीच्या हाताखाली?

काकांनी मान हलवली. या खेपेला आवाजाची गरज नव्हती.

मुहूर्ताच्या दिवशी काका पहाटे उठून न्हाले, लिंगपूजा केली, भस्म लावलं आणि वालूरहून पोरी घेऊन आले. ॲपेत पोरींनी इतकी गाणी म्हटली म्हणे, की काकांनी भोंगाच लावला नाही. सुट्टी झाल्यावर काका ॲपेत डिझेल भरेपर्यंत राजनंदिनी आमच्याकडं पाणी प्यायला आली तेव्हा तिनं सगळं सांगितलं, आणि ती सांगते पण छान, काकांचा चेहरा करून. नवी प्रेस म्हणजे एक काचेचा डबा आणि त्यात बटनं. रुई आपली आपण येते, आपली आपण दबते, पट्ट्यापण आपल्या आपण बसतात. काका तिच्याशेजारी उभे राहिले ते दोन्ही पाय फाकवून, बाह्या वर करून, जुन्या प्रेसवर उभे राहायचे तसे. पहिली गाठ तुमच्याच हातानं होऊ द्या काका, असं ती म्हणाली आणि तिनं हिरवं बटन दाखवलं. तर काकांनी तळहाताला थुंकी लावून, खांदा घालून, दात खाऊन ते बटन दाबलं. तिला वाटलं डबाच फुटतो. गाठ निघाली, पांढरीशुभ्र, चौकोनी. काकांनी गाठीवर एकदा हात फिरवला आणि त्यानंतर दिवसभर त्यांचं काम एकच, ती बटन दाबायची आणि काका तिकडं गाठीबरोबर श्वास धरायचे.

संध्याकाळी पोरींना पोचवून काका घरी आले तेव्हा आम्ही अंगणातच होतो. ते ओट्यावर बसले, पाय लांब केले आणि खांदा चोळायला लागले. काकू दारात आल्या. काका हळूच काहीतरी म्हणाले.

"आँ?" काकू म्हणाल्या.

काका परत म्हणाले की अंग आंबलंय, जरा तेल कोमट कर. काकूंनी आमच्याकडं बघितलं. बटनाची गोष्ट त्यांनीपण मघाशी ऐकलेली होती. मी तोंड फिरवलं, कारण मला हसू आवरेना. पण काकू हसल्या नाहीत. आत गेल्या, आणि थोड्या वेळानं वाटीतल्या गरम तेलाचा वास अंगणात आला.